डर्क नोवित्स्की: २१ हंगाम, एक विजेतेपद आणि एक हुकलेला फ्री थ्रो

रामबागकर (धागाकर्ता)

मंडळी, निमित्त अगदी घरगुती आहे. लेक नववीत आहे, संध्याकाळी इथं इंदुरात रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर खेळायला जाते. शाळेत 'आवडत्या खेळाडूच्या कारकिर्दीचे टप्पे' असा तक्ता करायला सांगितलाय. तिचा आवडता लुका डॉन्चिच, पण त्याचं अजून बरंच व्हायचंय. म्हणून तिनं त्याच्या आधीचा डॅलस संघाचा देव धरला, डर्क नोवित्स्की. मला काय, आनंदच. २०११ च्या जूनमध्ये मी भल्या सकाळी टीव्हीपुढे बसायचो आणि मागून आमचे अण्णा विचारायचे, "यात बाद कसं होतात रे?"

तक्ता असा झाला: १९९८ एनबीएत (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) निवड, २००७ सर्वोत्तम खेळाडू, २०११ विजेतेपद, २०१७ तीस हजार गुण, २०१९ निवृत्ती, २०२३ हॉल ऑफ फेम (थोर खेळाडूंची मानाची यादी). स्केचपेननं रंगवून, कडेला नारिंगी बॉल वगैरे काढून. एकही चूक नाही. आणि तरी मला तो लग्नाच्या अल्बमसारखा वाटला. सगळे हसताहेत, पंगतीत झालेलं भांडण एकाही फोटोत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की या माणसाचा सगळ्यात मोठा टप्पा तक्त्यात नाहीच. तो म्हणजे तिकडच्या १३ जून २००६ चा एक फ्री थ्रो. जो गेला नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्री थ्रो म्हणजे समोरच्यानं फाउल केला की रिंगमागच्या फळ्यापासून १५ फुटांवर उभं राहून बॉल टाकायचा. आडवं कोणी येत नाही, घड्याळ थांबलेलं असतं, सगळं स्टेडियम तुमच्याकडे बघत असतं. गेला तर एक गुण. दिसायला बास्केटबॉलमधलं सगळ्यात सोपं काम. शेवटच्या चार सेकंदांत करून बघा.

तर २००६ ची अंतिम मालिका, डॅलस विरुद्ध मायामी. सातपैकी चार सामने जिंकायचे. डॅलसनं पहिले दोन मारले होते आणि तिसऱ्यातही चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये १३ गुणांची आघाडी होती. म्हणजे मिरवणुकीचा रस्ता ठरवायचीच वेळ. तिथून मायामीचा ड्वेन वेड सुटला. शेवटी साडेतीन सेकंदही उरले नव्हते, डॅलस ९५-९७ नं मागे आणि डर्कला दोन फ्री थ्रो. शंभरातले नव्वद घालणारा माणूस. पहिला गेला. दुसरा नाही गेला. सामना ९६-९८ नं गेला, पुढचे तिन्ही गेले, मालिका ४-२ नं गेली.

याच्याशी माझं काय नातं, तर सांगतो. ९० च्या दशकात मी शाळेच्या टीममध्ये होतो. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, त्यामुळे बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर दर दुसऱ्या बास्केटला भांडण. आंतरशालेय सामन्यात एका गुणानं मागे असताना मला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही घालवले. परतताना टेंपोत सर माझ्या समोरच बसले होते, उतरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी एव्हाना विसरलोही असतो.

म्हणून डर्कचं पुढचं वर्ष मला तोंडपाठ आहे. २००६-०७ मध्ये डॅलस ८२ पैकी ६७ सामने जिंकलं. आता कोण अडवणार? अडवलं गोल्डन स्टेटनं. आठव्या क्रमांकावरून कसाबसा बाद फेरीत आलेला संघ, पहिल्याच फेरीत ४-२. आणि त्यांचा कोच कोण, तर डॉन नेल्सन, ज्यानं १९९८ मध्ये डर्कला डॅलसला आणलं तोच! घरचा भेदी म्हणतात तो हा. शेवटच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी २ शॉट गेले, गुण ८. आत जाताना त्यानं कचऱ्याचा डबा भिंतीवर फेकला, तर भिंतीला भोक पडलं. ते भोक त्यांनी पुढे आठवण म्हणून जपून ठेवलं.

आणि मग, बाहेर पडल्यानंतर बारा दिवसांनी, त्याला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरवून ट्रॉफी दिली. हा मान मिळवणारा पहिला युरोपियन. तक्त्यात लेकीनं या नोंदीपुढे सोनेरी चांदणी चिकटवलीय. ते भाषण कुठे मिळालं तर त्याचा चेहरा बघा. दहाव्याच्या दिवशी कुणी पेढे आणून ठेवावेत तसा.

त्यानंतर तो आपल्या जुन्या कोचबरोबर, होल्गर गेश्विंडनरबरोबर, काही आठवडे ऑस्ट्रेलियात भटकत राहिला. पाठीवर पिशवी, वाढलेली दाढी. परत आला तो डॅलसलाच.

२०११ वर मी मुद्दाम लिहीत नाही, इथले लोक लिहितीलच. फक्त माझी गंमत सांगतो. सहावा सामना, तिकडे १२ जूनची रात्र, आपल्याकडे १३ ची पहाट. पहिल्या अर्ध्यात डर्कचे १२ पैकी ११ शॉट हुकलेले. मी म्हटलं, झालं, पुन्हा तेच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमची लाइट गेली. आली तेव्हा पडद्यावर दिसलं काय, तर डर्क टेबल ओलांडून, जर्सीत तोंड खुपसून, एकटाच आत पळत चाललाय. मी कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, "बाद झाला वाटतं." मग स्कोअर आला: डॅलस १०५, मायामी ९५. गडी जिंकून रडायला आत गेला होता! ट्रॉफी घ्यायला त्याला समजावून बाहेर आणावं लागलं.

तर प्रश्न असा: तक्त्यात हुकलेला फ्री थ्रो घालावा की नाही? लेक म्हणते, "बाबा, मार्क कापतील."

---

जिरावन

भिया, पूर्ण वाचलं, पोहे गार झाले.

पण थोडं उलट बोलतो. एक विजेतेपद. एक. टिम डंकनची पाच आहेत, तोही त्याच काळातला, त्याच टेक्सासमधला, तोही एकाच संघाचा. त्यावर कोणी धागा काढत नाही, कारण तो बिचारा रडला नाही. आपल्याला रडारड आवडते हो.

आणि २००६ चं खापर एका फ्री थ्रोवर फोडू नका. वेडला त्या सहा सामन्यांत ९७ फ्री थ्रो मिळाले. सत्त्याण्णव! पाचव्या सामन्यात एकट्या वेडला २५ आणि अख्ख्या डॅलस संघाला मिळून २५. शिट्टी कुणाच्या बाजूनं वाजत होती ते बघा आधी.

---

रामबागकर

शिट्टीबद्दल डॅलसवाले आजही दात-ओठ खातात. पण वेड आत घुसत होता, डॅलस बाहेरून मारत होतं, फ्री थ्रोत फरक पडणारच. आणि स्वतःच्या हातातला एक हुकला असताना दुसऱ्याचे ९७ मोजायचे, हे मला जमत नाही. अनुभव आहे.

डंकन थोर, वाद नाही.

---

डावा_हात

२०११ चा दुसरा सामना राहू देऊ नका. माझं टोपणनावच त्यावरून आहे.

पहिल्या सामन्यात डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटली. दुसऱ्यात बोटाला पट्टी. सात मिनिटं उरली असताना मायामी ८८-७३ पुढे, वेडनं डॅलसच्या बाकड्यासमोरच थ्री पॉइंटर (लांबून मारलेली तीन गुणांची बास्केट) मारून हात वर करून उभं राहून दाखवलं. तिथून डॅलसनं २२-५ असा मारा केला. शेवटचे नऊ गुण एकट्या डर्कचे. आणि जिंकून देणारी बास्केट? ३.६ सेकंद राहिले असताना लेअप (रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेला बॉल), डाव्या हातानं! त्याच पट्टीच्या हातानं. ९५-९३.

मी तेव्हा भोपाळला हॉस्टेलवर होतो. खालच्या मजल्यावरून वॉर्डन वर आला होता, इतके ओरडलो.

चौथ्या सामन्यात १०१ ताप. तरी २१ गुण आणि ८६-८३ नं जिंकले. मायामीचे दोन थोर लोक नंतर कॅमेऱ्यासमोर खोटं खोटं खोकून त्याची टिंगल करत गेले. पुढचे दोन्ही सामने हरले. खोकला गेला असेल.

---

राजेंद्रनगरची_मावशी

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा आवडला. एक विचारू का? हा मुलगा जर्मनीचा, मग अमेरिकेत पोचला कसा? आईवडिलांनी सोडलं?

---

रामबागकर

मावशी, आईच खेळाडू! हेल्गा जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलमधले. गाव वुर्झबुर्ग. पोरगा आधी टेनिस आणि हँडबॉल खेळायचा, पण उंची थांबेना, सात फूट. तिथं गेश्विंडनरनं त्याला हेरलं. हा माणूस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला, गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला. पोरांना शॉट शिकवायचा आणि वर म्हणायचा, वाचा, वाद्य शिका. डर्कनं सॅक्सोफोन धरला.

१९९८ मध्ये अमेरिकेत तरुण खेळाडूंचा एक सामना झाला, त्यात यानं ३३ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेले शॉट झेलणं) काढले. त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू उचलतात त्यात, मिलवॉकीनं त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. मिलवॉकीवाले त्यावर आजही हळहळत असतील.

पहिला हंगाम मात्र वाईट गेला, सरासरी ८.२ गुण. घरची आठवण, इंग्रजी धड नाही, लोक म्हणाले मऊ आहे. परत जायचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

---

राजेंद्रनगरची_मावशी

आमचा धाकटा पुण्याला पहिल्या सेमिस्टरला असाच होता. रोज रात्री फोन. मी रवा-बेसनाचे लाडू पाठवले. त्या हेल्गाबाईनं काय पाठवलं असेल कोण जाणे.

---

नवखी

डर्कच्या जर्सीवर ४१ नंबर का? काही खास?

---

डावा_हात

त्याला १४ हवा होता. डॅलसमध्ये तो आधीच दुसऱ्या खेळाडूकडे होता. मग उलटा केला. झालं. जानेवारी २०२२ मध्ये तोच उलटा नंबर छतावर टांगला, आता तिथं तो कोणालाच मिळणार नाही.

---

सेवपरमल

धागा चांगला आहे पण एक शंका. आपल्याकडे पोरं कॉम्प्लेक्सवर घाम गाळतात आणि तक्ता कोणाचा, तर जर्मन माणसाचा. आपले खेळाडू नाहीत का?

---

रामबागकर

आहेत ना, आणि त्यातला एक डॅलसशीच जोडलेला आहे. सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लोके गावचा, ७ फूट २ इंच. २०१५ च्या निवडीत डॅलसनंच त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला आणि एनबीएच्या निवडीत नाव पुकारलेला पहिलाच. प्रत्यक्ष एनबीएच्या सामन्यात उतरायला मिळालं नाही, त्यांच्या खालच्या लीगमध्ये खेळला, पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. लेकीला सांगितलं तर म्हणाली, मग त्याचे टप्पे कुठे लिहू, एकाच ओळीत संपतात. गप्प बसलो.

---

गणितमास्तर

उशिरा आलो, पण गेश्विंडनरचं नाव निघालं म्हणून लिहितो. निवृत्त आहे, ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. सवय जात नाही, क्षमस्व.

हा गृहस्थ शॉटकडे गणित म्हणून बघायचा. मुद्दा असा. घरातलं एखादं गोल पातेलं घ्या. वरून बघा, तोंड पूर्ण गोल दिसेल. आता ते डोळ्यांच्या रेषेकडे आणत जा. गोल लांबट होत जातो, शेवटी नुसती रेघ उरते. रिंगचंही तसंच आहे, फक्त बघणारा डोळा म्हणजे येणारा बॉल.

रिंगचा व्यास साधारण ४५ सेंटीमीटर, पुरुषांच्या बॉलचा २४. बॉल अगदी वरून पडला तर त्याला पूर्ण ४५ चं दार उघडं. ४५ अंशांत उतरला तर दार ३२ च्या आसपास. ३० अंशांत उतरला तर साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षाही अरुंद; कडेला न घासता आत जाणं शक्यच नाही. म्हणून सपाट फेकणाऱ्याचा बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतो.

मग सगळ्यांनी आभाळात फेकावं का? नाही. जितका उंच, तितका जोर जास्त लागतो आणि हातातली बारीकशी चूक खाली येईपर्यंत मोठी होते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची. डर्क सात फुटी, शिवाय बॉल डोक्याच्याही वरून सोडणारा, त्यामुळे त्याचं काम जरा हलकं. पण ती जागा एकदा सापडली की रोज तिथंच हात नेणं, हे गणितात बसत नाही. ते त्या दोघांनी वर्षानुवर्षं रिकाम्या व्यायामशाळेत केलं.

एका पायावर मागे झुकून मारायचा तो शॉटही त्यातलाच. उजवा गुडघा पुढे आलेला, अंग मागे गेलेलं. अडवणाऱ्याचा हात पोचत नाही आणि बॉल सुटायचा कोन तोच राहतो. आता निम्मी लीग तो मारते.

आणि कोणीतरी २०११ चं ओक्लाहोमाविरुद्धचं लिहा. मालिकेतल्या पहिल्याच सामन्यात २४ फ्री थ्रो, चोविसाच्या चोवीस आत. गुण ४८. एकही न चुकवता एका सामन्यात इतके फ्री थ्रो तोवर कोणी घातले नव्हते.

---

जिरावन

मास्तर, चोविसाच्या चोवीस हे माहीत नव्हतं. घरी पातेलं घेऊन उभा आहे, बायको विचारतेय काय चाललंय.

---

डावा_हात

आणि त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत ४६ पैकी ४५. एकच हुकला.

---

रामबागकर

आता कळलं ना मी २००६ चा फ्री थ्रो का धरून बसलोय? पाच वर्षांनी, समोर तेच मायामी, तिकडे तोच वेड, वर लेब्रॉन आणि बॉश हे दिग्गजही येऊन मिळालेले. आणि त्या १५ फुटांवरून हा माणूस ४६ मध्ये एकदाच चुकतो. फ्री थ्रो लाइनवर मनात एक जुनं गाणं गुणगुणायचा म्हणे, डोकं दुसरीकडे लावायला.

---

होळकरी

बास्केटबॉल मला परका, पण हे वाचताना आपल्या मातीतली गोष्ट आठवली. चंद्रकांत पंडित! १९९९ ची रणजी फायनल, बंगळुरूचं चिन्नास्वामी, मध्य प्रदेशचा कर्णधार पंडित. कर्नाटकानं हरवलं. शेवटच्या दिवशी सामना हातातून गेला. २३ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, तोच माणूस, तेच मैदान, संघही तोच मध्य प्रदेश, फक्त आता कोच म्हणून. समोर मुंबई, म्हणजे त्याचं स्वतःचं माहेर. जिंकले. आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारनं शतक मारलं आणि जिंकायची धावही त्यानंच काढली. पंडित मैदानावर येऊन ढसाढसा रडला.

होळकरांचा संघ ५० च्या दशकात शेवटचा रणजी जिंकला होता. सी. के. नायडूंच्या गोष्टी सांगणारे आमचे आजोबा गेले, वडीलही गेले, तेव्हा कुठे कप परत या मातीत आला. मला त्या दिवशी घरात बोलायला कोणी नव्हतं. छप्पनवर, आपल्या खाऊगल्लीत, जाऊन एकटाच जॉनी हॉट डॉग खाल्ला.

---

जिरावन

बरं बाबा, मागे घेतो. एक विजेतेपद पण चालेल.

तरी माझ्या मते त्याचा खरा टप्पा २०१४. तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरवर सही केली, दुसरीकडे कितीतरी जास्त मिळत असताना, म्हणजे संघाला बाकीचे खेळाडू घेता यावेत. माझ्या धंद्यात भागीदारानं चार हजारांवरून मला सोडलंय, त्यामुळे हे मला जास्त भिडतं.

---

डावा_हात

तीस हजार गुणांचंही लिहून ठेवतो, तक्त्यात नुसता आकडा आहे. ७ मार्च २०१७, लेकर्सविरुद्ध, घरच्या मैदानावर. त्याआधी फक्त पाच जण तिथं पोचले होते: करीम, मलोन, कोबी, जॉर्डन, चेंबरलेन. अमेरिकेबाहेरून आलेला हा पहिलाच. पोचला कशानं, तर त्याच मागे झुकण्याच्या शॉटनं. निवृत्त झाला तेव्हा ३१,५६० गुण. घरच्या शेवटच्या सामन्यात, चाळिशीत, नीट पळताही येत नव्हतं, तरी ३० गुण.

एकाच संघाकडून २१ हंगाम. आमच्या कंपनीत कोणी २१ महिने टिकत नाही.

---

नवखी

मग तक्त्याचं काय झालं?

---

रामबागकर

तक्ता गेला शाळेत. हुकलेला फ्री थ्रो घातला तिनं, पण खाली, पेन्सिलीनं, इतका बारीक की चष्मा लावून शोधावा लागेल. मार्क अजून आलेले नाहीत.

आणि इथं मास्तरांनी आणि डावा_हात यांनी उकसवलं म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिघं आणि लेक कोर्टवर गेलो. ऊन चढायच्या आत. मास्तर खरोखर पातेलं घेऊन आले होते. तिनं माझ्या हातात बॉल दिला आणि १५ फुटांच्या रेषेवर उभं केलं. दोनच, म्हणाली. बॉलवरचे दाणे घासून गुळगुळीत झालेले, तरी तळवा ओलाच. तीस वर्षांनी.

पहिला गेला. जाळी वाजली; आमच्या वेळी जाळी नसायची, त्यामुळे तो आवाज मला नवाच होता.

दुसरा रिंगच्या पुढच्या कडेला लागून सरळ माझ्याकडे परत आला. लेक म्हणाली, "बाबा, सपाट." मास्तरांनी पातेलं वर केलं.

---

जिरावन

नंतर पोहे कुठे खाल्ले ते लिहिलंच नाही.